पाचवी ओळ कुठे असते?

डेटाबेस शिकायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न पडतो. एक्सेलमध्ये पाचव्या ओळीवर जायचं तर पहिल्या ओळीवरून चार वेळा खालचा बाण दाबला की झालं. मग डेटाबेसला ‘तक्त्यातली पाचवी ओळ दे’ एवढं साधं का सांगता येत नाही? १९१६ सालची ओळ मागता येते, ‘क’पासून सुरू होणारी नावं मागता येतात, सगळ्या ओळी एकदम मागता येतात. पाचवी म्हटलं की गाडी अडते. त्याच्यामागून पुढचे प्रश्न येतात. शंभर ओळींचं उत्तर हाती आलं, तर पायथॉन किंवा पीएचपीत लिहिलेल्या स्क्रिप्टने त्यातून पुढे कसं सरकायचं? मागे येता येतं का? आणि ओळी संपल्या हे तिला कळतं कसं?

पुण्यात कर्वेनगर, कोथरूड, वारजे या पट्ट्यात हे प्रश्न विचारणारे दर जून-जुलैत नव्याने येतात. कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात १९९१ पासून मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि आसपासच्या वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांची वस्ती मोठी आहे. म्हणून या प्रकरणातलं उदाहरणही त्याच आवारातलं घेऊ.

१. सात ओळी, क्रम नाही

‘हिंगणे’ (कर्वेनगरचं जुनं नाव) या नावाचा एक छोटा तक्ता करायचा. त्यात दोन रकाने, वर्ष आणि घटना. ओळी सात, आणि जशा आठवल्या तशा भरलेल्या:

१९१६ – महिला विद्यापीठाची स्थापना
१९९१ – मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय
१८९६ – अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना
१९५८ – धोंडो केशव कर्वे यांना भारतरत्न
१९०७ – महिला विद्यालय
१९२० – विद्यापीठाला ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी
१९०० – आश्रम हिंगण्याला हलवला

हा तक्ता घरच्या संगणकावर बनवायला काही विकत घ्यावं लागत नाही. एसक्यूलाइट नावाचा चिमुकला डेटाबेस पायथॉनबरोबर २००६ पासून फुकट येतो. हाच डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोनमध्येही असतो, त्यामुळे वाचकाच्या खिशात तो आत्ता चालू असण्याची शक्यता बरीच आहे. एसक्यूलाइटमध्ये तक्त्याचं नाव ‘हिंगणे’ आणि रकान्याचं नाव ‘वर्ष’ असं थेट देवनागरीत ठेवता येतं. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्क्रिप्टमधल्या चलांनाही मराठी नावं चालतात. आज्ञा मात्र रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतात. इथे त्या उच्चारानुसार लिहिल्या आहेत.

आता या तक्त्यातली पाचवी ओळ कोणती? वर छापलेल्या यादीत ती १९०७ ची दिसते. पण ती छापण्याची सोय झाली. डेटाबेसच्या लेखी या सात ओळींत पहिली-पाचवी असा भेदच नाही.

हा आळस नाही, ठरवून घेतलेला निर्णय आहे, आणि त्यामागे एक जुना वाद आहे. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी जो डेटाबेस उभा केला, त्यात एक नोंद दुसऱ्या नोंदीचा पत्ता जवळ बाळगायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पत्त्यावरून पत्त्यावर उड्या मारत हवी ती नोंद गाठायची. १९७३ मध्ये बाकमन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी भाषणात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चक्क नाविकाची उपमा दिली. माहितीच्या समुद्रात वाट काढणं हे त्याचं कौशल्य.

आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांना नेमकं हेच नको होतं. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी सुचवलं, की तक्ता हा ओळींचा निव्वळ संच मानावा. संचात क्रम नसतो. काय हवं ते वापरणाऱ्याने सांगावं. कुठल्या वाटेने जायचं ते डेटाबेसने बघावं. मे १९७४ मध्ये अमेरिकेत ॲन आर्बर इथे दोघांच्या पक्षांची समोरासमोर चर्चा झाली. त्याच परिषदेत आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. बाजारात कॉड जिंकले. क्रम नसण्याचा फायदा असा, की डेटाबेस ओळी डिस्कवर कुठेही ठेवू शकतो, हलवू शकतो, दोन-चार कामगार-प्रक्रियांत वाटून एकाच वेळी वाचू शकतो. वापरणाऱ्याचा प्रश्न तोच राहतो. तोटा असा, की ‘पुढची ओळ’ या शब्दांना आपोआप अर्थ उरत नाही.

२. क्रम मागितला तरच मिळतो

क्रम हवा असेल तर प्रश्नाच्या शेवटी ‘ऑर्डर बाय वर्ष’ असं लिहायचं. मग १८९६ पहिली, १९०० दुसरी आणि पाचवी ओळ १९२० ची. ‘ऑर्डर बाय घटना’ म्हटलं तर पाचवी वेगळी. पाचवेपण ओळीच्या अंगात नसतं, ते विचारणाऱ्याच्या प्रश्नातून येतं.

गंमत अशी, की ‘ऑर्डर बाय’ न लिहिताही पुष्कळदा ओळी भरल्या त्याच क्रमाने परत येतात. छोट्या तक्त्यात, एका संगणकावर, सहा-सहा महिने येतात. माणसाला वाटतं हाच नियम. मग कुणीतरी एखादी ओळ दुरुस्त करतं, कुणी रकान्यावर इंडेक्स, म्हणजे ओळी चटकन शोधण्याची सूची, बसवतं, तक्ता फुगतो, आणि एका सकाळी क्रम बदललेला दिसतो. डेटाबेसने काहीही मोडलेलं नसतं. त्याने क्रमाचं वचन दिलेलंच नव्हतं.

क्रम मागतानाही दोन खड्डे आहेत. पहिला आकड्यांचा. रोल नंबर मजकूर म्हणून साठवले असतील, तर १० हा २ च्या आधी येतो, कारण मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षर करत होते आणि १ हा २ च्या आधी आहे. दुसरा खड्डा खास मराठी आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच नंतरची जागा मिळाली आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. एसक्यूलाइट काही न सांगता फक्त अक्षरांचे क्रमांक बघून लावतो. त्यामुळे काटे, काशीकर, काळे या मराठी क्रमाऐवजी काटे, काळे, काशीकर असा क्रम मिळतो. वर्णमालेत सर्वांत शेवटी, ‘ज्ञ’च्या शेजारी बसणारा ‘क्ष’ युनिकोडमध्ये क आणि ष यांचं जोडाक्षर म्हणून साठवला जातो, त्यामुळे क्षीरसागर ‘क’च्या गटाच्या तळाशी, ‘ख’च्या आधी येऊन बसतात. मोठ्या डेटाबेसमध्ये मराठीचे क्रमनियम निवडण्याची सोय असते. ती वापरली जात नाही, हे अनेक छापील याद्या बघून कळतं.

३. ओळींवर फिरणारी पट्टी

प्रश्न संचाचा, उत्तरही संचाचं. पण स्क्रिप्टला एका वेळी एकच ओळ हाताळता येते: ही ओळ छाप, या माणसाला ईमेल पाठव, एवढी रक्कम बेरजेत मिळव. हा पेच एसक्यूएलच्या जन्मापासूनचा आहे, कारण त्या काळच्या कोबोलसारख्या भाषाही एका वेळी एकच नोंद वाचायच्या. त्यावर तोडगा निघाला तो कर्सर.

मतदान केंद्रावर यादी घेऊन बसलेला माणूस ओळीखाली पट्टी धरतो आणि काम झालं की ती खाली सरकवतो. कर्सर ही ती पट्टी. यादी वेगळी, पट्टी वेगळी. पट्टीला एवढंच ठाऊक असतं की आत्ता आपण कुठे आहोत. आणि सुरुवातीला ती पहिल्या ओळीखाली नसते, पहिल्या ओळीच्या वर, मथळ्यावर असते. ‘पुढची दे’ म्हटल्यावर ती पहिल्या ओळीवर येते. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण पुढच्या भागातल्या चुका इथूनच जन्मतात.

पायथॉनच्या जगात वेगवेगळ्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता यावं म्हणून १९९९ मध्ये एक समान नियमावली ठरली. तिच्यात पट्टी सरकवण्याच्या तीन आज्ञा आहेत. ‘फेचवन’ एक ओळ देते, ‘फेचमेनी’ सांगाल तितक्या देते, ‘फेचऑल’ उरलेल्या सगळ्या देते. पर्लमध्ये, पीएचपीत नावं वेगळी आहेत, चाल तीच.

हिंगण्याच्या तक्त्यावर हे करून बघू. ‘ऑर्डर बाय वर्ष’सह प्रश्न पाठवला. पहिल्या फेचवनला १८९६ ची ओळ मिळाली, दुसऱ्या फेचवनला १९०० ची. आता फेचमेनीला तीन मागितल्या, तर १९०७, १९१६ आणि १९२०. नंतर फेचऑल. ‘ऑल’ या शब्दाला भुलून सात ओळींची अपेक्षा केली तर फसगत होते. येतात दोनच, १९५८ आणि १९९१. पट्टी जिथे होती तिथून खालच्या सगळ्या.

याच कारणाने नवशिक्यांची एक चूक जगभर सारखी दिसते. आधी ओळी किती आहेत ते मोजण्यासाठी एक फेरी मारली, आकडा बरोबर आला. मग छापण्यासाठी दुसरी फेरी मारली, तर काहीच छापलं जात नाही. कसलाही संदेश येत नाही, डेटाही शाबूत असतो. पहिल्या फेरीत पट्टी तळाला पोहोचली आणि तिला कुणी वर आणलं नाही, इतकंच. एसक्यूलाइटचा पायथॉनमधला कर्सर उलटा सरकतच नाही. तिथे उपाय दोन: प्रश्न पुन्हा पाठवायचा, नाहीतर पहिल्याच वेळी फेचऑलने ओळी पायथॉनच्या यादीत घेऊन ठेवायच्या. यादी मग हवी तेवढ्या वेळा, हवी त्या दिशेने वाचता येते.

४. शेवट कसा ओळखायचा

सात ओळी संपल्यावर आठव्यांदा फेचवन म्हटलं, तर पायथॉनला ‘नन’ मिळतं, म्हणजे काही नाही. पीएचपीच्या मायएसक्यूएलआय जोडणीत ओळ ओळीने आणणारी नेहमीची आज्ञा शेवटी ‘नल’ देते. ओरॅकलच्या पीएल-एसक्यूएल या भाषेत पद्धत निराळी. तिथे कर्सरलाच विचारायचं: ‘नॉटफाउंड?’ म्हणजे शेवटच्या मागणीला ओळ मिळाली नाही का?

इथे विचारण्याची जागा महत्त्वाची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत कर्सर असतो, आणि तिथे वारंवार दिसणारी रचना अशी: ओळ आण, छाप, मग नॉटफाउंड विचार आणि तसं असेल तर बाहेर पड. वाचायला निर्दोष. चालवली की सातच्या जागी आठ ओळी छापल्या जातात आणि १९९१ दोनदा येतं. कारण असं: सातवी ओळ आणली, छापली, नॉटफाउंडचं उत्तर ‘नाही’. आठवी आणायला गेलं, ती मिळाली नाही. पण चलांमध्ये आधीची १९९१ ची किंमत तशीच पडून होती. तीच पुन्हा छापली गेली, आणि मग कुठे प्रश्न विचारला गेला. उपाय एका ओळीच्या अदलाबदलीचा. आण, विचार, मग छाप.

उलट टोकाची चूक मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी पानांची. तिथे व्हीबीस्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच पट्टी पहिल्या ओळीवर असायची आणि ‘मूव्हनेक्स्ट’ ही आज्ञा स्वतः द्यावी लागायची. ती विसरली की पट्टी हलत नाही, शेवट कधी येत नाही आणि पहिलीच ओळ छापली जात राहते. सर्व्हरची नेमून दिलेली मुदत, साधारणतः ९० सेकंद, संपली की तोच पान बंद पाडायचा. पायथॉनमध्ये ‘फॉर’च्या फेऱ्यात कर्सर थेट ठेवता येतो. तो आपला आपण सरकतो आणि ओळी संपल्या की थांबतो, त्यामुळे या दोन्ही चुका तिथे सहसा घडत नाहीत. नव्याने शिकणाऱ्याने हीच पद्धत आधी उचलावी. फेचवनची गरज वाटते त्यापेक्षा कमी वेळा लागते.

५. मागे, पुढे आणि थेट पाचवीवर

काही कर्सर उलटेही फिरतात. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये कर्सर उघडताना ‘स्क्रोल’ हा शब्द घातला, की ‘नेक्स्ट’, ‘प्रायर’, ‘फर्स्ट’, ‘लास्ट’ या आज्ञा मिळतात. ‘रिलेटिव्ह उणे दोन’ म्हटलं की दोन ओळी मागे. आणि ‘ॲब्सोल्यूट पाच’ म्हटलं की सुरुवातीला अडलेली ती पाचवी ओळ अखेर हाती येते: १९२०, ठाकरसींची देणगी. ‘ॲब्सोल्यूट उणे एक’ म्हणजे शेवटून पहिली.

पीएचपीत याच कामाला ‘डेटा सीक’ आहे, पण तिथे मोजणी शून्यापासून. पाचवी हवी तर चार सांगायचं. पाच सांगितलं तर १९५८ मिळेल आणि चूक लक्षातही येणार नाही, कारण काहीतरी ओळ तर आलीच आहे. ‘मायएसक्यूएल’ या साध्या नावाच्या ज्या जुन्या जोडणीवर पीएचपीची असंख्य संकेतस्थळं उभी राहिली, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत काढून टाकली गेली. वाचनालयांत अजून मिळणाऱ्या त्या काळच्या पुस्तकांतले नमुने म्हणून आज चालत नाहीत. नावाला ‘आय’ जोडलेली नवी जोडणी किंवा पीडीओ वापरावी.

डेटा सीकला एक अट आहे: उत्तर पूर्णपणे स्क्रिप्टच्या ताब्यात आलेलं हवं. उत्तर आणण्याचे मार्ग दोन असतात. एकात सर्व्हर सगळ्या ओळी एका दमात पाठवतो आणि त्या स्क्रिप्टच्या स्मृतीत जमतात. पुढे-मागे कसंही फिरा, ओळी किती हेही लगेच कळतं. मायएसक्यूएलआयचं नेहमीचं वागणं हेच. दुसऱ्यात ओळी एकेक करून येतात. स्मृती वाचते, पण मागे वळता येत नाही, सगळ्या वाचून होईपर्यंत ओळी किती ते सांगता येत नाही आणि त्याच जोडणीवर मधेच दुसरा प्रश्नही पाठवता येत नाही.

शे-दोनशे ओळींना पहिला मार्ग उत्तम. महानगरपालिकेच्या मिळकतकरासारखी लाखो ओळींची यादी असेल तर पहिला मार्ग संगणकाला धाप लावतो. इथे एक फसवी गोष्ट सांगायला हवी. पायथॉनमधून पोस्टग्रेसक्यूएलशी बोलताना बहुतेक जण सायकोपीजी २ वापरतात. त्याचा साधा कर्सर प्रश्न पाठवताक्षणी सगळं उत्तर ओढून आणतो. पुढे फेचवनने एकेक ओळ घेतली तरी बचत शून्य, कारण लाखो ओळी आधीच येऊन बसलेल्या असतात. कर्सरला नाव दिलं, की मात्र तो सर्व्हरवर राहतो आणि फेऱ्यात वाचताना दोन-दोन हजार ओळींच्या खेपा आणतो. एका नावाने एवढा फरक पडतो, हे माहिती-पुस्तिकेच्या बऱ्याच आत दडलेलं आहे.

६. पान दुसरं, पान पाचशेवं

वेबवर आणखी एक अडचण येते. वाचकाने ‘पुढचं पान’ दाबेपर्यंत पहिलं पान बनवणारी स्क्रिप्ट संपलेली असते, तिच्याबरोबर तिचा कर्सरही. पट्टी धरून बसायला कुणी नाही. म्हणून प्रत्येक पानासाठी प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

सोपी रीत ‘लिमिट’ आणि ‘ऑफसेट’ची: इतक्या ओळी सोड, पुढच्या इतक्या दे. एका पानावर २० ओळी असतील तर पाचशेव्या पानासाठी ९,९८० ओळी सोडायच्या. सोडायच्या म्हणजे डेटाबेसने त्या शोधायच्या, क्रमाने मोजायच्या आणि टाकून द्यायच्या. पहिलं पान चटकन आणि पाचशेवं रेंगाळत येतं ते यामुळे. शिवाय वाचक पहिलं पान वाचत असताना यादीच्या वरच्या टोकाला नवी ओळ आली, तर सगळ्या एकेक जागा खाली सरकतात आणि पहिल्या पानावरची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर पुन्हा पहिली म्हणून दिसते.

दुसरी रीत जास्त शहाणी आहे: किती ओळी झाल्या ते सांगू नये, शेवटी कोणती पाहिली ते सांगावं. हिंगण्याच्या तक्त्यात एका पानावर तीन ओळी ठेवू. पहिलं पान १९०७ ला संपलं. दुसऱ्या पानाचा प्रश्न: वर्ष १९०७ पेक्षा मोठं, वर्षाच्या क्रमाने, तीनच ओळी. इंडेक्स असेल तर डेटाबेस थेट तिथे पोहोचतो, आधीच्या ओळींना हातही लावत नाही.

पण आता तक्त्यात आठवी ओळ घाला. १९५८ मध्येच कर्वे यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीटही निघालं. म्हणजे १९५८ च्या दोन ओळी झाल्या. दुसऱ्या पानावर १९१६, १९२० आणि भारतरत्न. तिसऱ्या पानाचा प्रश्न ‘१९५८ पेक्षा मोठं’, उत्तर १९९१. टपाल तिकीट कुठल्याच पानावर आलं नाही! म्हणून क्रम लावताना वर्षाच्या जोडीला कधीही दुहेरी न होणारा एखादा क्रमांक घ्यावा आणि तुलना दोन्हींवर करावी. या रीतीची खरी उणीव एकच: वाचकाला थेट पान ५०० वर उडी मारता येत नाही. तशी उडी मारणारा वाचक मात्र विरळा.

७. आणि चालायचंच कशाला?

कर्सर कळला की त्याचा मोह होतो. दोन लागोपाठच्या घटनांत किती वर्षं गेली ते काढायचं आहे, तर सरळ फेरा मारावा, आधीचं वर्ष चलात ठेवावं, वजाबाकी करावी. चालतं. पण एसक्यूएलमध्ये ‘लॅग’ नावाची सोय आहे, ती त्याच क्रमातली आधीची ओळ शेजारी आणून देते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ती २००९ मध्ये आली, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये २०१८ मध्ये. मूळ सात ओळींवर एका वाक्यात उत्तर मिळतं: ४, ७, ९, ४, ३८, ३३.

सगळ्यात बोलकं उदाहरण विद्यापीठाच्याच प्रात्यक्षिकात आहे. दोन हजेरीपट, एक नवा, एक जुना. नव्यातली प्रत्येक नोंद जुन्यात आहे का बघायचं. असेल तर सोडायची, नसेल तर घालायची. अट अशी, की हे बाहेरून मूल्य घेणाऱ्या कर्सरनेच करायचं. पुण्यातल्या संगणक अभियंत्यांच्या पिढ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आहे.

खरं तर हे काम एका आज्ञेचं आहे. ‘मर्ज’ ही आज्ञा ओरॅकलमध्ये २००१ मध्ये आली, २००३ च्या एसक्यूएल मानकात गेली आणि पोस्टग्रेसक्यूएलच्या पंधराव्या आवृत्तीत २०२२ मध्ये दाखल झाली. ती वापरली तर दहा हजार नोंदींसाठी कर्सरच्या दहा हजार फेऱ्या वाचतात आणि कोणत्या वाटेने जायचं ते डेटाबेस ठरवतो. म्हणजे कॉड यांचंच म्हणणं. तरी शिकताना कर्सरने करणं वाया जात नाही, कारण ओळीनिशी चालणं आणि एकदम करणं यांत एक फरक लपलेला आहे आणि तो याच उदाहरणात सापडतो.

समजा नव्या हजेरीपटात रोल नंबर ४२ चुकून दोनदा आला आहे आणि जुन्यात तो नाही. कर्सर पहिल्या ४२ वर येतो, जुन्यात शोधतो, नाही म्हणून घालतो. दुसऱ्या ४२ वर येतो, शोधतो, आता सापडतो, सोडतो. जुन्यात एकच नोंद जाते. मर्ज मात्र सगळी तुलना सुरुवातीच्या स्थितीशी करते. त्या क्षणी जुन्यात ४२ नव्हताच, त्यामुळे दोन्ही नोंदी ‘नाही’ ठरतात आणि दोन्ही आत जातात. रोल नंबरवर प्राथमिक किल्ली, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट, असेल तर दुसरी नोंद घालताना पूर्ण आज्ञाच रद्द होते आणि एकही ओळ आत जात नाही. म्हणून मर्जच्या आधी नव्या हजेरीपटातले दुहेरी रोल नंबर वेगळे काढावे लागतात. ‘ग्रुप बाय’ने रोल नंबर मोजले आणि एकापेक्षा जास्त वेळा आलेले मागितले, की ते समोर येतात. दोन्ही नोंदींत नाव सारखं असेल तर कुठलीही एक ठेवली तरी चालते. नावं वेगळी निघाली तर कोणती खरी, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारावं लागतं. कर्सरने मात्र त्यातली आधी भेटलेली नोंद न विचारता ठेवलेली असते आणि दुसऱ्या विद्यार्थिनीचं नाव हजेरीपटातून गळालेलं असतं.